सातशे दहा किलो

एकोणतीस वर्षं मी स्टील मिलच्या काट्यावर बसतो.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला फरक मी वहीत लिहितो.
शिलाई मशिनी, कूलरचे पत्रे, मोडके पलंग,
सगळ्याला एकच नाव.
दोन दिवसांत त्याची सळई होते.
जालन्यात कुठलाही स्लॅब ठोकून बघा,
आत कुणाची तरी गाडी आहे.

त्या दिवशी ढिगातून एक हेडलाइट माझ्याकडे बघत होता.
मॉरिस मायनर. चाकं नाहीत, टपावर कोंबड्यांची शीट.
क्रेन खाली यायच्या आत मी खिडकीतून ओरडलो, थांब रे!
का ओरडलो, अजून सांगता येत नाही.
सातशे दहा किलो, भंगाराच्या भावानं,
पगारातून तीन हप्त्यांत.
पावती फाडणारा मी, घेणाराही मीच.

द्वारका दारात उभी.
"लोकं रिटायरमेंटला प्लॉट घेतात,
तुम्ही हे कामून आणलं?"
मग सांडग्यांची खाट गच्चीवर नेली
आणि अंगणात जागा करून दिली.
एवढीच काय ती परवानगी.

गौसमियाँ शुक्रवारी नमाजनंतर यायचे.
नजर अधू, म्हणून बोटांनी पत्रा वाचायचे.
"इने यां मार खाई है, साब."
मडगार्डचा पोचा लाकडी हातोडीनं, आतून, हळू,
ठसका लागलेल्या लेकराच्या पाठीवर थोपटावं तसा.
मी ओला पॉलिशपेपर घासत राहिलो :
पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा पांढरा,
मग काळा, आणि अगदी तळाशी
हरभऱ्याच्या घाट्यासारखा हिरवा.
तिथं हात थांबला.
नंबरप्लेटीखाली आणखी एक प्लेट, उर्दू आकड्यांची.
"पाँच या छे," गौसमियाँ म्हणाले, "अल्ला जाने."

सीटच्या कापसात उंदराचा संसार :
ज्वारीचे दाणे, लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद,
अर्धी कुरतडलेली पाटीवरची पेन्सिल.
त्यांच्या नातवानं, सोहेलनं, मोबाइलवर शोधलेलं गॅस्केट
अजिंठा एक्स्प्रेसनं हैदराबादहून आलं.
बसेना. फाटलं. पुन्हा मागवलं.
मधे आठ महिने मी ताडपत्री उचललीसुद्धा नाही.
(रेवतीचं लग्न मोडलं होतं. ते इथं नको.)

ताडपत्री शेवटी तिनंच काढली.
बॅटरी जोडली, कुठलंसं बटण दाबलं,
आणि दोन दारांमधल्या खांबातून
एक नारिंगी हात बाहेर आला,
कधीच उत्तर न देणाऱ्या पोरानं वर्गात करावा तसा, बिचकत.
गाडी जागची हलत नव्हती
आणि उजवीकडे वळते म्हणत होती.
रेवती हसली. मी पाना शोधायला खाली वाकलो,
बराच वेळ वाकूनच राहिलो.

अकराव्या दिवशी नळ आला.
पहिली कळशी रेडिएटरला.
द्वारकानंच ओतली, पदरानं गाळून.
हँडल मारून मारून खांदा भरला,
तेव्हा कुठं ती खोकली, थरथरली,
सगळा धूर कडुनिंबात गेला.
पहिला गिअर टाकला, पडला उलटा.
पुन्हा टाकला, पुन्हा उलटा.
मग म्हटलं, उलट तर उलट.

गेटातून मागे, गल्लीतून मागे,
पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, देवळाचा ओटा,
समोरच्या काचेत माझं घर लहान होत चाललेलं,
अंगणात तेलाचा डाग, खाटेएवढा.
मागे पळणारी पोरं आमच्या तोंडासमोर.
रेवती खिडकीतून अर्धी बाहेर,
एसटीच्या कंडक्टरसारखी पत्रा बडवत,
"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

कोपऱ्यावर बंद पडली.
अख्ख्या गल्लीनं ढकलत आणली,
तेव्हा मात्र मुकाट सरळ चालली.

रात्री बल्ब लावून गिअरबॉक्सशी बसलो.
द्वारका कळशी घासत होती.
म्हणाली, "आधी दोन घास खा.
पुढचं पुढं बघू."